बोलविता धनी कोण?



आज पाठ नाही, उपक्रम नाही, स्वाध्यायही नाही. आज एका कोर्टकेसबद्दल लिहितेय. प्राथमिक शिक्षिकेने अमेरिकेतल्या कोर्टकेसवर कशाला लिहायचं, असं वाटेल. पण ही केस आमच्या शाळेतल्या एका कुलपापर्यंत आली, म्हणून लिहिणं भाग आहे.

झालं असं की आमच्या गावचा एक माजी विद्यार्थी पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसने संगणक बदलले तेव्हा जुने सहा त्याने मागून घेतले आणि शाळेला आणून दिले. मशीन जुनी, त्यामुळे त्याने त्यांवर लिनक्स टाकून दिलं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, संगणक चालवणारी मूळ प्रणाली. फरक एवढाच की ती मोफत मिळते आणि वापरण्याची, बदलण्याची, दुसऱ्याला देण्याची परवानगी तिच्या लायसन्समध्येच लिहिलेली असते. मुलं चित्रं काढू लागली, टाईप करू लागली. सगळं छान चाललं होतं.

मग संगणक-प्रिंटरची कामं करणारे एक गृहस्थ शाळेत आले. त्यांनी खोली पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, हे फुकटचं पुढे अंगाशी येतं. या लिनक्सवर अमेरिकेत अब्जावधीची केस झालीय. उद्या नोटीस आली तर हेडसर अडकतील. ओरिजिनल टाकून घ्या, मी करून देतो." आमच्या हेडसरांच्या रिटायरमेंटला दीड वर्ष उरलंय. त्यांनी दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लावलं. मी त्यांना दोष देत नाही. सरकारी नोकरीत कागदाची भीती काय असते ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

मी डी.एड. झालेली बाई, संगणकाची इंजिनिअर नाही. पण मला राग आला होता, म्हणून संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की त्या केसबद्दल वाचत बसले. सांगते, त्या गृहस्थांनी खोटं सांगितलं नव्हतं. केस झाली होती. फक्त पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि पुढचंच महत्त्वाचं आहे.

६ मार्च २००३. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एस.सी.ओ. ग्रुप नावाच्या लहान कंपनीने आय.बी.एम. या बलाढ्य कंपनीवर दावा लावला. म्हणणं असं, की युनिक्स ही जुनी प्रणाली आमच्या मालकीची आहे आणि आय.बी.एम.ने तिचा कोड चोरून लिनक्समध्ये घातला. मागणी १ अब्ज डॉलरची. ती वाढत वाढत ५ अब्जांवर गेली. मे महिन्यात एस.सी.ओ.ने सुमारे १५०० मोठ्या कंपन्यांना पत्रं पाठवली की तुम्ही लिनक्स वापरत असाल तर तुमच्यावरही जबाबदारी येऊ शकते. मग लायसन्स विकायला काढलं, एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलर. आणि २००४ मध्ये तर लिनक्स वापरणाऱ्या दोन कंपन्यांवर थेट दावे लावले, ऑटोझोन आणि डेमलर-क्रायस्लर. म्हणजे कापड चोरीचं आहे असं नुसतं म्हणायचं आणि सदरा घालून फिरणाऱ्याला पकडायचं!

गंमत म्हणजे हीच कंपनी आधी कॅल्डेरा या नावाने स्वतः लिनक्स विकत होती.

पुरावा दाखवा, असं सगळे म्हणू लागले. ऑगस्ट २००३ मध्ये लास वेगासच्या मेळाव्यात त्यांनी पडद्यावर काही ओळी दाखवल्या. पण कुणाला वाचता येऊ नये म्हणून त्यातल्या काही भागाला ग्रीक अक्षरांचा फॉन्ट लावला होता. आपल्या वर्गात एखादा मुलगा पाटीवर हात धरून "बाई, उत्तर बरोबर आलंय" म्हणतो ना, तसं. कुणीतरी फोटो काढले, अक्षरं पुन्हा इंग्रजीत उलटवली, आणि शोध घेतल्यावर कळलं की त्यातला एक तुकडा युनिक्सच्या फार जुन्या, सत्तरच्या दशकातल्या कोडमधला होता. आणि तो जुना कोड खुद्द कॅल्डेरानेच २००२ मध्ये सगळ्यांना वापरायला मोकळा करून दिला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येते. लोकांना पहिल्यापासून एक प्रश्न पडला होता. एवढी लहान, तोट्यात चाललेली कंपनी आय.बी.एम.शी वर्षानुवर्षं लढायला पैसा आणते कुठून? हिचा बोलविता धनी कोण?

संशयाची सुई मायक्रोसॉफ्टकडे गेली. ते साहजिकही होतं. लिनक्स वाढलं तर विंडोजचं नुकसान. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सची तुलना कॅन्सरशी केली होती. पण कुणाचा फायदा होतो म्हणून त्यानेच केलं, असं होत नाही. पावसाळा लांबला तर टँकरवाल्याचा फायदा होतो, म्हणून पाऊस त्याने थांबवला असं आपण म्हणत नाही. तेव्हा नुसता फायदा बाजूला ठेवू आणि हातात काय काय आहे ते पाहू.

एक गोष्ट उघड्यावर होती. केस लागल्यावर दोनेक महिन्यांतच मायक्रोसॉफ्टने एस.सी.ओ.कडून युनिक्सचं लायसन्स घेतलं. त्याची एकूण रक्कम दीड कोटी डॉलरच्या वर गेली. हा व्यवहार जाहीर होता, कायदेशीर होता. सन नावाच्या कंपनीनेही त्याच सुमारास लायसन्स घेतलं होतं. त्यामुळे लायसन्स घेतलं म्हणजे कट केला असं सिद्ध होत नाही. पण एस.सी.ओ.च्या तिजोरीत त्या वर्षी पैसा आला तो असा, हेही खरं.

दुसरी गोष्ट ऑक्टोबर २००३ ची. बेस्टार कॅपिटल नावाच्या गुंतवणूक फंडाने पुढाकार घेऊन एस.सी.ओ.मध्ये ५ कोटी डॉलर घातले. त्यातले २ कोटी बेस्टारचे आणि ३ कोटी रॉयल बँक ऑफ कॅनडाचे. गुंतवणूक जाहीर होती, पण या लोकांना एस.सी.ओ.च्या दारात आणून कुणी सोडलं, ते जाहीर नव्हतं.

मार्च २००४ मध्ये एक ईमेल फुटली. एस.सी.ओ.च्याच एका सल्लागाराने कंपनीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेली. त्यात त्याने हिशोब मांडला होता की बेस्टार धरून मायक्रोसॉफ्टमुळे आपल्याकडे ८ कोटी ६० लाख डॉलर येतील. एस.सी.ओ.ने ईमेल खरी असल्याचं मान्य केलं, पण सल्लागाराचा गैरसमज झाला होता असं सांगितलं. बेस्टारने त्याच महिन्यात कबूल केलं की मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी आम्हाला एस.सी.ओ.चं नाव सुचवलं होतं, पैसे मात्र त्यांचे नाहीत. मायक्रोसॉफ्टने तर बेस्टारशी आपला आर्थिक संबंधच नाकारला.

तिसरी गोष्ट सर्वात वजनदार. २००६ मध्ये आय.बी.एम.ने कोर्टात बेस्टारचे प्रमुख लॅरी गोल्डफार्ब यांचं शपथेवरचं निवेदन दाखल केलं. त्यात ते म्हणतात की मायक्रोसॉफ्टच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याशी माझं बोलणं झालं होतं. मायक्रोसॉफ्टला एस.सी.ओ.च्या केसला बळ द्यायचं होतं, पण आपण आय.बी.एम. किंवा लिनक्सवर हल्ला करतोय असं दिसू द्यायचं नव्हतं. बेस्टारच्या गुंतवणुकीला काही ना काही मार्गाने आधार देऊ, असंही बोलणं झालं. आणि गुंतवणूक झाल्यावर? फोन उचलणं बंद!

हे वाचलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला. मिळाला पुरावा! आमचे हे आतून विचारत होते, काय झालं म्हणून.

पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना एसटीत विचार करत बसले. हे एका माणसाचं सांगणं आहे. शपथेवरचं आहे, म्हणून त्याला वजन आहे. पण लेखी करार नाही, चेक नाही, हमीपत्र नाही. माणूसही पैसे अडकून दुखावलेला. पुढे २०११ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने याच गोल्डफार्बवर गुंतवणूकदारांचा पैसा दुसरीकडे वळवल्याचा आरोप ठेवला. याचा अर्थ तो २००६ मध्ये खोटं बोलला असा होत नाही. पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर मी माझ्या वर्गातल्या मुलालाही शिक्षा केली नसती. आणि त्या गुप्त आधाराचा निवाडा कुठल्याही कोर्टाने कधी केलाच नाही.

इथे मला माझ्या वर्गातली एक गोष्ट आठवते. चौथीतल्या एका मुलाने तक्रार केली की शेजारच्याने कंपास चोरली. मी दप्तर पाहिलं, कंपास नव्हती. ती तक्रारदाराच्याच घरी निघाली. नंतर हळूहळू कळलं की त्याला "सांग बाईंना" म्हणून तिसऱ्याच मुलाने पढवलं होतं, कारण त्या तिसऱ्याचं आणि शेजारच्याचं कबड्डीत भांडण झालं होतं. आता बघा, तक्रार खोटी ठरली ती दप्तर पाहिल्यावर. तिसरा मुलगा सापडला नसता तरी ती खोटीच राहिली असती. आणि समजा, कंपास दप्तरात सापडली असती, तर कुणीही पढवलेलं असो, चोरी ही चोरीच होती.

एस.सी.ओ.ची केस तशीच दप्तर पाहून संपली. मायक्रोसॉफ्ट मागे होतं की नव्हतं, या प्रश्नावर नाही.

दप्तर पाहणं म्हणजे इथे सातबारा पाहणं. युनिक्स जन्मलं १९६९ मध्ये, ए.टी. अँड टी.च्या बेल लॅबमध्ये. १९९३ मध्ये ते नोव्हेल कंपनीकडे गेलं. १९९५ मध्ये नोव्हेलने युनिक्सचा धंदा दुसऱ्या एका कंपनीला विकला आणि तिच्याकडून तो २००१ मध्ये कॅल्डेराकडे, म्हणजेच पुढच्या एस.सी.ओ.कडे आला. पण त्या १९९५ च्या करारात कॉपीराइट नोव्हेलने स्वतःकडेच ठेवले होते. जुन्या लायसन्सची रॉयल्टी एस.सी.ओ.ने गोळा करायची, सगळी नोव्हेलकडे भरायची, आणि मेहनताना म्हणून ५ टक्के परत मिळणार. आपल्याकडे जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं असतं की नाही? तोच प्रकार. कसणाऱ्यानेच मालक म्हणून गावभर नोटिसा काढल्या.

१० ऑगस्ट २००७ रोजी न्यायाधीश डेल किम्बल यांनी कॉपीराइट नोव्हेलचे असल्याचा निकाल दिला. पुढच्याच महिन्यात, १४ सप्टेंबरला, एस.सी.ओ.ने दिवाळखोरीचा अर्ज केला. अपिलात तो निकाल काही अंशी फिरला आणि प्रकरण ज्युरीपुढे गेलं. मार्च २०१० मध्ये ज्युरीनेही नोव्हेलच्या बाजूनेच कौल दिला. आय.बी.एम.विरुद्धचं उरलंसुरलं प्रकरण मात्र रेंगाळत राहिलं आणि २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड होऊन मिटलं. ५ अब्जांची मागणी, अठरा वर्षं, आणि हाती हे. लिनक्स वापरणाऱ्या कुठल्याही शाळेला कुणी एक रुपया मागू शकेल असं त्यातून काहीही निघालं नाही.

मग कुणी म्हणेल, बाई, केस पडलीच ना, तर मागे कोण होतं याची उठाठेव कशाला?

इथे माझं ठाम मत आहे. उठाठेव करायलाच हवी. माझ्या वर्गातला तो तिसरा मुलगा शोधणं गरजेचं होतं, कारण तो उद्या दुसऱ्याला पढवून पाठवेल. केस जिंकणं हाच प्रत्येक वेळी हेतू नसतो. चार-सहा वर्षं लोकांच्या मनात भीती राहिली, एखाद्या अधिकाऱ्याने "नको, कोर्टाचं लफडं आहे" म्हणून लिनक्स बाजूला ठेवलं, तर केस हरूनही ज्याला फायदा व्हायचा त्याला झाला. आमच्या शाळेचंच बघा. २००३ ची केस, तीही बुडालेली, आणि तिच्या नावाने इतक्या वर्षांनी आमच्या गावात कुलूप लागलं.

पण संशयाचा हा दिवा दोन्हीकडे धरला पाहिजे. एस.सी.ओ.वर टीका करणाऱ्या ग्रोकलॉ या संकेतस्थळामागे आय.बी.एम. आहे, असं सूचित करायला एस.सी.ओ.चे लोकही मागे राहिले नाहीत. तोही संशयच होता, त्यालाही आधार मिळाला नाही. आणि आय.बी.एम. काही दानशूर संत नव्हती. नोव्हेंबर २००३ मध्ये नोव्हेलने सुसे ही लिनक्स कंपनी घ्यायचं ठरवलं, तेव्हा आय.बी.एम.ने नोव्हेलमध्ये ५ कोटी डॉलर घालण्याचं जाहीर केलं. आकडा बघा, बेस्टारवाल्या व्यवहाराइतकाच! पण ही कंपनी आपलं नाव सांगून पुढे आली. पैसा कुणाचाही असो, नाव लिहिलेलं असलं की माणसाला त्या बोलण्याचं वजन करता येतं. माझी मागणी तेवढीच आहे.

माझे मावसभाऊ वकील आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी सांगितलेलं ऐकून बरं वाटलं. आपल्याकडे दाव्याला तिऱ्हाइताने पैसे पुरवणं हा गुन्हा नाही, वकिलाने मात्र स्वतः तसं करायचं नाही. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेत महाराष्ट्रापुरती एक दुरुस्ती आहे, आदेश २५ मध्ये. वादीने खर्चाच्या बदल्यात दाव्यातला हिस्सा कुणाला दिला असेल किंवा द्यायचं कबूल केलं असेल, तर कोर्ट त्या पैसेवाल्यालाही दाव्यात पक्षकार करून खर्चाचं तारण मागू शकतं. म्हणजे पडद्यामागच्याला पुढे आणून उभं करायची सोय निदान काही बाबतीत आपल्या कायद्यात आहे. "पण ताई," ते म्हणाले, "त्याला हिस्सा नकोच असेल, नुसती समोरच्याची जिरवायची असेल, तर हे कलम कसं लावणार?" खरंच आहे. मायक्रोसॉफ्टवर जो संशय होता तो तर असाच होता. तिथे कायद्याची पट्टी तोकडी पडते, असं मला वाटतं.

हे सगळं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सांगायचं ठरवलं. फळ्यावर तीन रकाने आखले. कागदावर आहे, कुणीतरी सांगितलं, आपल्याला वाटतं. केसच्या गोष्टी एकेक करून भरल्या. लायसन्सचे पैसे पहिल्या रकान्यात, कॉपीराइटचा निकाल पहिल्या रकान्यात. गोल्डफार्ब दुसऱ्यात. मायक्रोसॉफ्टने सगळा डाव रचला, हे तिसऱ्यात. मला स्वतःला ते अर्ध्याहून जास्त खरं वाटतं, तरी तिसऱ्यातच. मायक्रोसॉफ्ट आता लिनक्सच्या संस्थेची सभासद आहे, २०१६ पासून, हेही पहिल्या रकान्यात लिहिलं. लोक हसले.

एका पालकांनी विचारलं, "मॅडम, मग ते गृहस्थ आले होते, त्यांना विंडोज टाकायचं कमिशन मिळणार होतं ना?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खडू हातात होता. मनात तर मी हे कधीच ठरवून टाकलं होतं. मी ते तिसऱ्या रकान्यात लिहिलं. मग हेडसर म्हणाले, "त्यांनी स्वतः टाकून देतो म्हटलं होतं, कोटेशनही दिलंय. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे." कोटेशन काढलं. सहा मशीनची रक्कम लिहिलेली होती. मग त्या वाक्यातला "कमिशन" शब्द पुसून "काम मिळणार होतं" असं केलं आणि ते पहिल्या रकान्यात नेलं.

समितीने ठराव केला. माजी विद्यार्थ्याकडून संगणक दिल्याचं पत्र घ्यायचं, लिनक्सच्या लायसन्सची प्रत छापून फाईलला लावायची, आणि खोली उघडायची. हेडसरांनी लायसन्सच्या प्रतीवर शाळेचा गोल शिक्का मारला. त्याची गरज नव्हती, पण त्यांना त्याने बरं वाटलं.

सोमवारी कुलूप निघालं. माउसच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, दोन बदलाव्या लागल्या. तिसरीतली एक मुलगी अर्धा तास स्वतःचं नाव टाईप करत बसली होती. तिचं नाव ज्ञानेश्वरी, आणि कीबोर्डवर ज्ञ कुठे आहे ते तिला सापडत नव्हतं, मलाही नाही. शेवटी सातवीतल्या एका मुलाने येऊन दाखवलं.